अपग्रेड लायसन्सवर विंडोज नव्याने टाकताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आधी डिस्क फॉरमॅट करायची आणि लायसन्सचा विचार मागाहून. अपग्रेड लायसन्स जुन्या विंडोजच्या आधारावर उभं असतं. तो आधारच पुसला, तर विंडोज ७ किंवा ८ ची अपग्रेड की, म्हणजे लायसन्सचा कोड, रिकाम्या डिस्कवर अडते. इन्स्टॉलेशन सुरळीत होतं, मग अॅक्टिव्हेशनच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून लायसन्स तपासलं जाण्याच्या, वेळी शेवटी एफ०६१ असलेला एरर कोड येतो. तो दिसला की नवी की विकत घ्यायला धावू नका. की खोटी नाही, फक्त अपग्रेडची आहे. जुनं विंडोज पुन्हा टाका आणि ते चालू असताना त्याच्या आतूनच सेटअप सुरू करा. विंडोज ७ मध्ये 'कस्टम' निवडा, ८ मध्ये काहीही न ठेवण्याचा पर्याय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, बदल करून हे टाळण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चालतेही, पण जुन्या विंडोजचं वैध लायसन्स हाताशी असेल तरच ती वापरावी.

विंडोज १० आणि ११ मध्ये गणित बदलतं. तिथे डिजिटल लायसन्स, म्हणजे की न टाकता ओळखलं जाणारं लायसन्स, मदरबोर्डशी जोडलेलं असतं. म्हणून आधी अपग्रेड करा, सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन झाल्याची खात्री करा, मगच डिस्क पुसा. सेटअपने की मागितली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडा. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की थेट टाकून काम भागेल, या भरवशावर राहू नका. मायक्रोसॉफ्टने ती वाट २०२३ मध्ये बंद केली.

एक चूक मात्र पटकन लक्षात येत नाही. लॅपटॉप होम एडिशनसह आलेला असतो, नंतर तुम्ही प्रो घेतलेलं असतं. होमची की फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, असल्याने सेटअप न विचारता होम टाकून मोकळा होतो आणि प्रोचे पैसे वाया गेले असं वाटतं. ते गेलेले नसतात. सेटिंग्जमध्ये 'चेंज प्रॉडक्ट की'मधून प्रोची की टाका. प्रो डिजिटल लायसन्सच्या रूपात असेल तर मायक्रोसॉफ्टची जेनेरिक प्रो की चालते. ती फक्त एडिशन बदलते, अॅक्टिव्हेशन तुमच्या लायसन्सवरच होतं.

मदरबोर्ड बदलणार असाल तर लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्या, नाहीतर बाकीच्या ड्राइव्हवरचा डेटा कुलपातच राहील.