ग्रीक देवकथा सातवीच्या मुलाला शिकवताना

ग्रीक देवांची वंशावळ पाठ करून घेऊ नये. झ्यूस, हेरा, पोसायडन, अथेना एवढी नावे आरंभी पुरतात. त्याऐवजी एकच कथा सावकाश सांगावी. धान्याची देवी डिमिटर हिची कन्या पर्सेफनी हिला पाताळाचा स्वामी हेडिस पळवून नेतो, शोकाकुल आई धान्य उगवू देत नाही, आणि अखेर कन्येने वर्षाचा काही काळ पाताळात व उरलेला आईजवळ घालवावा, अशी तडजोड होते. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे याच मायलेकींचे गुप्त विधी शतकानुशतके चालत, हे लगेच जोडून सांगितले, म्हणजे कथा आणि उपासना यांचा संबंध मुलाच्या ध्यानात येतो.

साताऱ्याच्या मुलाला वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळात न्यावे आणि घरी परतल्यावर इ. स. पू. 447 मध्ये बांधायला घेतलेल्या पार्थेनॉनचा (अथेन्समधील अथेनाच्या मंदिराचा) आराखडा समोर ठेवावा. ग्रीक मंदिरात मूर्ती आत असे, पण बळी देण्याची वेदी सहसा बाहेर, उघड्यावर असे, हा भेद त्याला स्वतः शोधू द्यावा.

देवांचा राजा झ्यूस म्हणजे इंद्रच, असे मात्र सांगू नये (हा मोह शिक्षकांनाही आवरत नाही). ग्रीकांचा एकच प्रमाण धर्मग्रंथ नव्हता. म्हणून मुलाने कथेचे निराळे रूप वाचून आणले, तर ते चूक न ठरवता दोन्ही रूपे वहीत शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.