पार्किंगमध्ये नळ नाही? दोन बादल्यांत गाडी धुवा

पुण्यात बऱ्याच सोसायट्या पार्किंगमध्ये पाइप लावू देत नाहीत, आणि वाघोली-बाणेरकडे बांधकामाची धूळ रोज बसते. ती कोरड्या फडक्याने कधीच झटकू नका. त्यातले बारीक कण रंगावर ओरखडे पाडतात.

१. कुंड्यांवर फवारायच्या हातपंपाने (२ लिटरचा पुरतो) धूळ भिजवा, ओघळू द्या.
२. एका बादलीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवून टपापासून खाली या. पुन्हा शाम्पूत घालण्याआधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्या. खरी किमया हीच. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने.
३. पंपाने फेस उतरवून लगेच पुसा. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात.

बॉनेट तापलेलं असेल तर आधी गार होऊ द्या.