आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातील स्त्रिया : ऐकायला सुरुवात कशी करावी

सुरुवात वाद्यांऐवजी गाण्यापासून करावी. कॉर्क परगण्यातील एलिझाबेथ क्रोनिन (१८७९–१९५६) यांचे कोणत्याही साथीविना गायलेले एक आयरिश गीत निवडावे आणि भाषा कळत नसली तरी प्रत्येक कडव्यात चाल किंचित कशी बदलते, याकडे लक्ष ठेवावे.

त्यानंतर कॉन्सर्टिना, म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायचे भाता आणि बटणे असलेले छोटे वाद्य, ऐकावी. क्लेअर परगण्यात हे वाद्य घरोघरी स्त्रियांच्या हाती असे आणि किलरशमध्ये पब चालवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) त्यातील नामवंत वादक होत्या. या वाद्याचे एकच बटण भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरा स्वर देते, त्यामुळे ओढ-दाबीच्या त्या बारीक हिसक्यांतूनच नृत्याची लय उमटते. हे कानाला कळेपर्यंत तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकण्याचा कंटाळा करू नये.

फिडलसाठी (म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिनसाठी) कॉर्क-केरी सीमेवरील स्लीव लूखरा भागातील जूलिया क्लिफर्ड आणि त्यांचे बंधू डेनिस मर्फी यांचे एकत्र वादन शोधावे. बहुधा भावाचेच नाव आधी घेतले जाते, म्हणून बहिणीचा फिडल मुद्दाम वेगळा ऐकावा. टिन व्हिसल या धातूच्या छोट्या बासरीसाठी मेरी बर्गिन यांचा १९७९ चा पहिला अल्बम पुरेसा आहे. पुढील शोधासाठी डब्लिनमधील आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागाराचे संकेतस्थळ वापरावे.