मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताय? या चुका टाळा

मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) ४.२ टाकायला घेतलं की तपासणीच्या पानावर लाल ओळ येते: मायएसक्यूएल, म्हणजे त्याचा डेटाबेस, ८.० हवा, तुमच्याकडे ५.७ आहे. इथे काही जण मूडलच्या अटी लिहिलेली एन्व्हायर्नमेंट डॉट एक्सएमएल फाइल उघडतात आणि आकडाच बदलून टाकतात. पान हिरवं होतं, पण डेटाबेस जुना तो जुनाच. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय, तेव्हा ही पळवाट नकोच.

अपग्रेडच्या आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर खरंच रिस्टोअर होतो का ते बघा. ८.० ने एकदा हात लावलेली डेटा डिरेक्टरी पुन्हा ५.७ ला चालत नाही. सर्व्हर अजून ५.६ वर असेल तर आधी ५.७, मग ८.०.

अपग्रेडनंतर सर्व्हर उठलाच नाही, तर डेटा गेला म्हणून घाबरू नका. आधी एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. बहुतेक वेळा माय डॉट सीएनएफ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'क्वेरी_कॅश_साइज' राहिलेलं असतं. ८.० मधून क्वेरी कॅशच (क्वेरींची उत्तरं साठवून ठेवायची सोय) काढून टाकलाय. ती ओळ खोडा.

त्याच सर्व्हरवर जुनी पीएचपी साइट असेल, तर 'ऑथेंटिकेशन मेथड अननोन' ही तक्रार येईल. ८.० मध्ये नवा युजर केला की त्याला 'कॅशिंग_शा२_पासवर्ड' ही पासवर्ड तपासायची नवी पद्धत लागते आणि पीएचपी ७.४ च्या आधीच्या आवृत्त्या तिथे अडखळतात. तेवढ्या एका युजरला 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड' ही जुनी पद्धत द्या; पीएचपी ७.१.१६ च्या (७.२ असेल तर ७.२.४ च्या) आधीचं असेल, तर मात्र माय डॉट सीएनएफमध्ये डीफॉल्टही तीच ठेवावी लागते. एरवी सगळ्यांना देऊ नका.

आता ज्या चुकीने मला खरं छळलं ती. एका कॉलेजसाठी मी निकालाचा रिपोर्ट लिहिला होता आणि त्यात 'रँक' नावाचा कॉलम होता. ८.० मध्ये 'रँक' हा राखीव शब्द (डेटाबेसने स्वतःच्या आज्ञांसाठी ठेवलेला) झालाय, त्यामुळे १०६४ ही एरर आली. नावाला बॅकटिक (` ही खूण) लावले, दोन मिनिटांत काम झालं. पण त्याच रिपोर्टमध्ये विभागवार यादी 'ग्रुप बाय' वापरून काढली होती, 'ऑर्डर बाय' न लिहिता. ५.७ 'ग्रुप बाय' करताना आपोआप क्रमही लावून द्यायचं, ८.० ते करत नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, बेरजा अगदी बरोबर. फक्त विभाग वरखाली. हे कळलं ते प्रिंट काढून सह्या झाल्यावर! तेव्हा स्वतः लिहिलेल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये 'ग्रुप बाय' शोधा आणि क्रम हवा तिथे 'ऑर्डर बाय' लिहा.

मायएसक्यूएल शेल या कमांडच्या साधनातलं 'चेक फॉर सर्व्हर अपग्रेड' आधी चालवा. राखीव शब्द आणि गळालेल्या सेटिंग्ज ते दाखवतं. तुमच्या पीएचपी कोडमधली क्वेरी मात्र ते वाचत नाही.

आणि ८.० वर पोचून पाय पसरू नका, त्याच्या सपोर्टची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. पुढचा मुक्काम ८.४. ५.७ वरून थेट तिथे जाता येत नाही, म्हणून ८.० चा थांबा चुकवू नका.