बऱ्याच वर्षांनी पुन्हा क्यू हातात घेताना

आठ-दहा वर्षांच्या खंडानंतर स्नूकर किंवा पूलच्या टेबलाकडे परतणाऱ्या खेळाडूची पहिली तक्रार बहुधा एकच असते: बॉल कुठे लागला म्हणजे पॉकेटमध्ये जाईल हे स्पष्ट दिसते, पण मारल्यावर तो जात नाही. पुढच्या सरावाची दिशा या तक्रारीवरूनच ठरवावी. कोन ओळखणारी नजर फारशी गंजत नाही. गंजतो तो क्यू, म्हणजे बॉल मारण्याची काठी, सरळ रेषेत पुढे नेणारा हात. अशा वेळी बॉल डावीकडे चुकतो आहे म्हणून नेम थोडा उजवीकडे सरकवण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळावा. हाताची चूक नेमाने झाकली तर त्या दिवशी काही बॉल जातीलही, परंतु हात ताळ्यावर येऊ लागला की तोच सरकवलेला नेम आड येतो आणि मग नेमके काय बिघडले आहे, हे कळेनासे होते.

टेबलाशी जाण्यापूर्वी क्यू तपासावा. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या क्यूची टिप (टोकावरची चामड्याची गोटी) वाळून कडक आणि गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर चॉक (टिप निसटू नये म्हणून लावायचा खडू) धरत नाही आणि मध्यबिंदूपासून जरा बाजूला फटका बसला तरी टिप निसटते. अशी टिप घासून जिवंत करण्यापेक्षा नवी बसवून घेणे मला योग्य वाटते, आणि ते पहिल्याच दिवशी करावे, कारण महिनाभराने टिप बदलल्यास नुकती जुळलेली पकड आणि फटक्याचा अंदाज दोन्ही पुन्हा हलतात. क्यू डोळ्यासमोर धरून तो वाकला आहे का, हेही पाहावे. लाकडावर साचलेला मळ किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. त्यानंतर निदान दोन महिने साहित्यात काहीही बदलू नये.

खंडाच्या काळात चष्मा लागला असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. क्यूवर हनुवटी टेकवून वाकल्यावर नजर भिंगाच्या मध्यातून न जाता वरच्या कडेतून जाते, आणि तिथे फ्रेमची पट्टी आड येते किंवा प्रतिमा किंचित सरकलेली दिसते. १९८५ सालच्या स्नूकर विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावातील शेवटचा काळा बॉल मारून स्टीव्ह डेव्हिसला १८-१७ असे हरवणारा डेनिस टेलर याच कारणासाठी उंच बसणाऱ्या मोठ्या भिंगांचा चष्मा वापरत असे. पाठ किंवा मान पूर्वीइतकी वाकत नसेल, तर थोडे उंच उभे राहून खेळावे. मात्र जी उंची ठरवाल, ती प्रत्येक फटक्याला तीच ठेवावी.

आता मुख्य सराव. पहिले दोन आठवडे एकही बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा प्रयत्न केला नाही तरी चालेल, आणि हे मी मनापासून सांगतो आहे. स्नूकरच्या टेबलावर पांढरा बॉल, म्हणजे क्यूने थेट मारायचा बॉल, तपकिरी बॉलच्या खुणेवर ठेवावा. निळ्या, गुलाबी आणि काळ्या बॉलच्या खुणा त्याच सरळ रेषेत पुढे असतात. पांढरा बॉल मध्यभागी मारून तो या तिन्ही खुणांवरून समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) नेऊन परत आणावा, आणि फटका झाल्यावर क्यू जिथे थांबला तिथेच, टिप टेबलावर तशीच ठेवून स्थिर राहावे. बॉल परतताना टिपेला येऊन लागला, तर फटका सरळ बसला. जाताना तो खुणांवरून नीट गेला पण परतताना उजवीकडे सरकला, तर टिप मध्याच्या उजवीकडे लागून नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, मिळाली आहे. जातानाच तो रेषा सोडत असेल, तर दोष बहुधा उभे राहण्याच्या दिशेत किंवा हाताच्या वळणात असतो. या दोन चुका वेगळ्या आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांतला फरक इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा सराव मला माहीत नाही. पूलच्या टेबलावरही लांबीच्या मध्यरेषेवर हाच प्रयोग करता येतो.

दहापैकी सात-आठ वेळा बॉल टिपेजवळ परतू लागला की थांबणारा फटका घ्यावा. पांढऱ्या बॉलपासून दोन फुटांवर, पॉकेटच्या सरळ रेषेत दुसरा बॉल ठेवावा आणि पांढऱ्याला मध्याच्या किंचित खाली मारावे. धडक होताच पांढरा जागीच थांबला पाहिजे. थांबून तो भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर साइड अजून लागते आहे. अंतर वाढवत नेले की उलटा स्पिन वाटेतच कापडाच्या घर्षणाने संपतो, त्यामुळे अधिक खाली किंवा अधिक जोराने मारावे लागते. हा अंदाज हळूहळूच परत येतो.

या टप्प्यावर परतलेल्या खेळाडूंचे तीन जुने दोष डोके वर काढतात: पकड घट्ट होते, क्यू मागे घेताना घाई होते आणि बॉल पॉकेटपर्यंत पोहोचण्याआधीच मान उचलली जाते. तिघांवर एकदम काम करू नये. पकडीपासून सुरुवात करावी, कारण मुठीतला ताण कमी झाला की घाईही बरीचशी आपोआप ओसरते.

कोनांच्या सरावात अर्ध्या बॉलच्या फटक्याला सर्वाधिक वेळ द्यावा. क्यूची रेषा समोरच्या बॉलच्या कडेवर रोखली की तो बॉल सुमारे ३० अंशांनी बाजूला जातो. कडेसारखी ठळक खूण इतर कोणत्याही कोनाला मिळत नाही. शिवाय पांढरा बॉल नैसर्गिकपणे घरंगळत असेल, तर या कोनाजवळ नेमात थोडी चूक होऊनही त्याची पुढची वाट फारशी बदलत नाही. पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी हव्या जागी थांबवण्याचा आत्मविश्वास इथूनच परत मिळवावा.

सर्वांत उशिरा परततो तो फटक्याच्या जोराचा अंदाज. त्यासाठी पांढरा बॉल काळ्याच्या बाजूने मारून बॉल्ककडच्या, म्हणजे तपकिरी बॉलच्या टोकाकडच्या, कुशनपासून वीतभर अंतरात थांबवण्याचा सराव रोज शेवटची दहा मिनिटे करावा. स्नूकर आणि पूल एकाच आठवड्यात मिसळू नयेत. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा, आणि कापडाचा वेगही निराळा, त्यामुळे हात कशाचाच अंदाज धरत नाही. एका वेळी पाऊण तास पुरेसा असतो. दमल्यावर केलेल्या सरावात दमलेला फटकाच पक्का होतो.

२०१२ साली विश्वविजेता झालेला स्नूकरपटू रॉनी ओसलिव्हन त्यानंतरचा जवळजवळ संपूर्ण मोसम स्पर्धांपासून दूर राहिला आणि २०१३ साली पुन्हा विश्वविजेता झाला, हे उदाहरण अनेकदा दिले जाते. पण ती विश्रांती काही महिन्यांची होती आणि तिच्यामागे लहानपणापासूनचा सराव होता. आपला कालावधी त्यावरून मोजू नये.

सामना पाचव्या-सहाव्या आठवड्याआधी खेळू नये. पहिला सामना जुन्या, समजूतदार सोबत्याशी खेळावा, आणि गुण मांडण्याबरोबरच एका कागदावर फक्त एवढेच नोंदवावे: किती फटक्यांनंतर आपण बॉल थांबेपर्यंत खाली वाकलेले राहिलो.