मेटा फायली आणि आमचा हरवलेला नायक

एमसीएच्या शेवटच्या सत्रात आम्ही चौघं युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गेम करत होतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालायचं. मित्राने गिटवरून (सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल सांभाळणारी व्यवस्था) कोड ओढला की गेमच्या नायकावर ‘मिसिंग स्क्रिप्ट’, म्हणजे त्याला चालवणारा कोडच सापडेना. दोन रात्री एकमेकांच्या कोडवर संशय घेण्यात गेल्या.

घोळ निघाला गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने कुठल्या फायली सोडायच्या त्या यादीत. ‘फालतू फायली कशाला’ म्हणून कुणीतरी (बरं, मीच) डॉट मेटा फायली वगळल्या होत्या. युनिटी प्रत्येक फायलीला एक जीयूआयडी (वेगळा ओळख क्रमांक) देतं, तो त्या फायलीसोबतच्या मेटात असतो, आणि सीन (गेममधला एक देखावा) स्क्रिप्टला नावाने नाही, त्या जीयूआयडीने ओळखतो. मेटा नसली की प्रत्येक मशीनवर नवा जीयूआयडी तयार होतो. मग ओळख कसली पटणार!

ती ओळ काढली, ज्या मशीनवर सीन धड होता तिथल्याच मेटा फायली गिटमध्ये कमिट केल्या (नोंदवल्या). बाकी तिघांनी जुना फोल्डर उडवून नव्याने क्लोन केलं (गिटवरून पूर्ण प्रत उतरवली). लायब्ररी फोल्डर मात्र वगळलेलाच ठेवा, तो युनिटी पुन्हा बनवतं.

एकाच सीनवर दोघांनी काम केल्यावरची भांडणं उरली होती. सीनचे तुकडे प्रीफॅबमध्ये (वेगळ्या फायलीत ठेवलेले, पुन्हा वापरता येणारे भाग) काढले, तीही बरीच कमी झाली.