मनाला दामटून बसवू नका: ध्यानाच्या बैठकीतल्या या चुका टाळा

"डोळे मिटले की जास्तच विचार येतात," ही नव्या साधकांची नेहमीची तक्रार. विचार वाढलेले नसतात. दिवसभराच्या धावपळीत त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, एवढंच. पण माणूस घाबरतो आणि त्यांच्याशी झुंजायला लागतो. दात आवळले जातात, कपाळाला आठ्या पडतात, दहा मिनिटांत जीव दमतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

पतंजलींच्या योगसूत्रांत योग म्हणजे 'चित्तवृत्तिनिरोध', मनातल्या वृत्ती थांबणं. यातला निरोध आपण दडपणं असा घेतो. तो कशाने साधतो, हे त्यांनी पहिल्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, 12व्या सूत्रात सांगितलंय: अभ्यासाने आणि वैराग्याने. गीतेचा सहावा अध्यायही हेच सांगतो. मन जिथे जिथे धावेल, तिथून तिथून त्याला परत आणा. वीस वेळा गेलं तर वीस वेळा आणा. हे परत आणणं म्हणजेच अभ्यास. याच अध्यायावर बोलताना ज्ञानेश्वर माउली मनाचा एक चांगला गुण दाखवतात: जिथे गोडी लागते, तिथे ते सोकावतं. म्हणून कंटाळा येईपर्यंत ताणू नका. मन प्रसन्न असतानाच उठा, उद्या ते आपणहून येईल.

रविवारी तासभर आणि मग आठवडाभर खाडा, हेही नको. पतंजलींच्या त्याच पहिल्या पादातल्या 14व्या सूत्रात अभ्यासासाठी दीर्घकाळ आणि अखंड यांच्यासोबत 'सत्कार' हा शब्द आहे, म्हणजे आदर. मांडीजवळ फोन ठेवून बसण्यात तो उरत नाही. रोज 10 मिनिटं पुरेत, पण वेळ आणि जागा ठरलेली हवी.

राग आला की "मला राग येत नाही" असं घोकून तो जात नाही. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातली प्रतिपक्षभावना, म्हणजे उलट बाजूचा विचार, वेगळी आहे: या रागाचं फळ दुःख आणि अज्ञानच, हे स्वतःला नीट दाखवायचं. बोचरा मेसेज पाठवण्याआधी एवढं करून बघा, हात थांबतो.

गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसा. आसन स्थिर आणि सुखाचं हवं. श्वास अडखळत असेल तर कोंडू नका, सावकाश सोडा. आणि झोप उडाली असेल, विचार असह्य होत असतील, तर साधना वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटा. पतंजलींनी साधनेतल्या नऊ अंतरायांत, म्हणजे अडथळ्यांत, पहिलं नाव व्याधीचंच घेतलंय.